नारूला कुणी साथ म्हटले नाही

२०२५ च्या फेब्रुवारीत धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीत कावळे मरून पडू लागले. नमुने तपासले गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि प्रशासनाने गावाभोवती दहा किलोमीटरचे सतर्क क्षेत्र जाहीर केले. त्याआधी काही आठवडे शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, हेच घडले होते. पाखरांच्या रोगासाठी नकाशावर वर्तुळ काढले गेले, हे योग्यच झाले. २००६ मध्ये नवापूरला हा रोग देशात पहिल्यांदा सापडल्यापासून एवढी शहाणीव आपल्या यंत्रणेत आली आहे. पण मराठवाड्याच्या याच कोरड्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या पायातून दीड-दोन हात लांबीचा जंत बाहेर पडत होता आणि ऐन पेरणीत धडधाकट माणसे बाजेवर पडून राहत होती, तेव्हा त्या गावांभोवती कुणी वर्तुळ काढले नाही. तो नारू होता. नारू काही ‘आला’ नव्हता, तो तिथलाच होता.

साथीचा रोग आणि ठाण मांडून बसलेला रोग यांत फरक काय, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की पहिला भयंकर आणि दुसरा सौम्य. हे साफ चूक आहे. रोग किती जीव घेतो यावर साथ ठरत नाही. एखाद्या ठिकाणी, एखाद्या ऋतूत, नेहमी दिसतात त्याहून रुग्ण ठळकपणे वाढले की ती साथ. म्हणजे मोजमाप आहे ते नेहमीच्या अपेक्षेचे. ज्या गावात प्लेगचा एकही रुग्ण अपेक्षित नाही तिथे दोन रुग्ण सापडले तरी साथ. ज्या गावात दर उन्हाळ्यात पन्नास जणांना नारू होतो तिथे यंदाही पन्नास जणांना झाला, तर दप्तरी काहीच घडले नाही. इतिहासाचेही तसेच. साथीला सन असतो, बळींचा आकडा असतो, खलनायक असतो, कधी हुतात्माही असतो. घरच्या रोगाला यातले काही नसते, म्हणून त्याचा इतिहास लिहायला कुणी बसत नाही.

या भागापुरता तो लिहायचा तर १८९७ पासून सुरुवात करावी लागते, कारण त्या एका वर्षात फार गोष्टी एकदम घडल्या. मुंबईत मांडवीला सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला होता. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी आपली प्लेगवरची लस स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. कलमे अवघी चार, पण घरे तपासण्याची, माणसे वेगळी काढण्याची आणि आगगाडीचे प्रवासी उतरवून तपासण्याची मुभा देणारी. (हाच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा बाहेर निघाला.) मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या आणि जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे.

त्याच वर्षी इकडे सोलापूर जिल्ह्यात एक छोटी गाडी धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने आखलेली, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे. आधी ती बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी एवढीच होती. १९०६ मध्ये तिची शाखा पंढरपूरच्या बाजूला गेली आणि १९११ पर्यंत रूळ लातूरला पोचले. ढोकी या वाटेवरचे. बार्शी इंग्रजी मुलखात, ढोकी आणि लातूर निजामाच्या राज्यात. मधली शीव माणसे, बैल आणि धान्य रोज ओलांडत. लातूरची कडधान्ये आणि कापूस या गाडीने बाहेर जात आणि आषाढी-कार्तिकीला वारकरी याच डब्यांत खच्चून भरलेले असत. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर असतो आणि उंदराच्या अंगावर पिसू. पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवले, पण डॉक्टरांच्या गळी ते उतरायला बरीच वर्षे गेली. गावकऱ्यांना मात्र एवढे कळले होते की घरात उंदीर पटापट मरू लागले की घर सोडायचे. गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहिली ती कुणा साहेबाच्या हुकमाची वाट न पाहता. प्लेगवर त्या काळात इतका नेमका उपाय सरकारजवळही नव्हता.

पटकीही अशीच बाहेरून आलेली. बंगालच्या खाडीमुखांशी ती बारमाही राहणारी. १८१७ साली जेसोरच्या बाजूने जी उसळली ती पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये लष्कराबरोबर आणि यात्रेकरूंबरोबर येऊन पोचली. म्हणजे एकच रोग गंगेच्या मुखाशी घरचा आणि भीमेच्या काठी बाहेरचा. आमच्याकडच्या लोकांनी तो बाहेरचा आहे हे ओळखले होते. मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा, हा सगळा विधीच मुळी आलेल्या रोगाला घालवून देण्याचा आहे. पलीकडच्या गावाला तो नको असे, त्यावरून मारामाऱ्या होत, हे निराळे. नारूसाठी असा गाडा कुणी काढला नाही. जो आलाच नाही त्याला घालवणार कुठे?

१८९७ मधली आणखी एक घटना निजामाच्या राज्यातली आहे. २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. सगळा देश प्लेगने हादरलेला असताना, प्लेगपेक्षा कितीतरी जुन्या आणि मुक्काम ठोकून बसलेल्या रोगाचे कोडे इथे सुटू लागले होते. पण हिवतापाला घाबरून कोणी गाव सोडत नव्हते. ताप येई, हुडहुडी भरे, घाम येऊन उतरे आणि माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जाई. अशा रोगाचा ठसा मृत्यूच्या नोंदीत नीट उमटत नाही, म्हणून हिवतापाचे डॉक्टर पोरांची पोटे चाचपत. शंभरातल्या किती मुलांची पानथरी वाढलेली हाताला लागते, त्यावरून गावात हिवताप किती मुरला आहे ते ठरे. मुलांची पोटे मोजून रोगाचा मुक्काम ओळखण्याची ही रीत मला प्लेगच्या सगळ्या आयोगांपेक्षा शहाणपणाची वाटते.

हे शहाणपण बार्शीच्या रुळांवर घेऊन आला तो एक स्वीडिश डॉक्टर, क्नुट लिंडबर्ग. १९३० च्या दशकात तो बार्शी लाइट रेल्वेचा मुख्य वैद्यकीय अधिकारी होता आणि मुक्काम कुर्डुवाडीला. रेल्वेच्या डॉक्टरकडून अपेक्षा काय, तर नोकरांची तब्येत तपासायची आणि अपघात झाला तर टाके घालायचे. याला नाद लागला पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा. कुर्डुवाडीच्या हिवतापावर त्याने लिहिले, दख्खनमधल्या नारूची पाहणी करून ती फ्रेंच नियतकालिकात छापली आणि विहिरी-डबक्यांतल्या सायक्लॉप्स कुळातल्या जीवांच्या जाती वर्णन करणारे निबंध कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात वर्षानुवर्षे दिले. एका आडवळणाच्या अरुंद रुळांच्या गाडीचा डॉक्टर जगातल्या सायक्लॉप्सच्या मोजक्या जाणकारांत गणला जातो आणि त्याच्या नावाचा एक साधा फलकही या भागात माझ्या पाहण्यात नाही!

सायक्लॉप्स का, हे कळले की नारू का हटत नव्हता तेही कळते. सायक्लॉप्स म्हणजे साचलेल्या पाण्यात वळवळणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा ठिपका. त्याच्या पोटात नारूची अळी असते. ते पाणी माणूस पितो. सायक्लॉप्स पोटात मरतो, अळी आतड्यातून बाहेर पडते आणि शरीरात वाढत राहते. नर मरून जातो. मादी वर्षभरात दोन-तीन फूट वाढते आणि बहुधा पायाकडे सरकते. घोट्याजवळ फोड येतो, आग आग होते, विस्तवावर पाय ठेवल्यासारखी. माणूस काय करणार? पाय पाण्यात बुडवणार. पाण्याचा गारवा लागताच फोड फुटतो आणि मादी लाखो अळ्या त्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स त्या खातो. पुढच्या वर्षाची सोय झाली.

आता इथल्या विहिरी आठवा. काळ्या पत्थरात खोदलेली पायविहीर किंवा बारव. चैत्र-वैशाखात पाणी तळाला जाई, तेव्हा घागर भरायला शेवटच्या पायरीवर उतरून घोटाभर पाण्यात उभे राहावे लागे. ज्या पाण्यात पाय, तेच पाणी घागरीत. त्या उन्हाळ्यात शिरलेला नारू पुढच्या उन्हाळ्यात, पुन्हा पाणी तळाला असतानाच बाहेर येई. रोगाच्या चक्राला विहिरीच्या चक्राची इतकी चपखल सांगड दुसरीकडे क्वचित सापडेल. शिवाय पाणी पिणे आणि जंत निघणे यांत वर्षाचे अंतर, त्यामुळे पाण्यावर संशय घ्यायला कुणाला कारण नव्हते. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असेही नाही, कारण नारूविरुद्ध शरीर प्रतिकार कमावत नाही. बापाला होई, पोराला होई, पुढल्या साली पुन्हा बापाला.

औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. बाहेर आलेले टोक काडीला किंवा चिंधीच्या वातीला बांधून रोज थोडे थोडे गुंडाळायचे, एवढाच उपाय. घाई केली आणि जंत तुटला की पाय सुजून पिकायचा, कधी सांधा कायमचा धरायचा. नारूने माणूस सहसा मरत नसे. महिना-दोन महिने कामातून जाई, आणि ते महिने नेमके मृगाच्या आगेमागे. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी हुकली त्याचे वर्ष गेले. मृत्यूच्या रकान्यात शून्य, म्हणून सरकारी दप्तरात नारू नाही. सावकाराच्या वहीत मात्र तो असणार, कर्जाच्या रूपाने.

नारूचे कोडे तसे लवकरच सुटले होते. सायक्लॉप्सचा वाटा रशियन संशोधक फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्किस्तानात दाखवला होता. मुंबईत परळच्या बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, डी. ए. तुरखुड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यावर प्रयोग केले. तरी नारू जायला आणखी ऐंशी वर्षे लागली. रोग कसा पसरतो हे ठाऊक असणे आणि तो जाणे यांत एवढे अंतर पडले, कारण त्याला घालवायचे म्हणजे गावाचे पाणी बदलायचे आणि पाणी बदलायला पैसा लागतो. घाबरल्याशिवाय पैसा सुटत नाही.

घाबरवण्याचे काम साथी चोख करत होत्या. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत उतरलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरात खेड्यापाड्यांत पसरला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरात सव्वा-दीड कोटी माणसे गेली असावीत, काही अभ्यासक याहूनही जास्त धरतात. निजामाच्या राज्याची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढायची सोडून नऊ लाखांनी घटली, त्यात मानमोडीचा वाटा मोठा. पण मानमोडी वर्षा-दीड वर्षात ओसरली. तिच्यामागे उरलेला फ्लू दरवर्षी येतो-जातो आणि आपण त्याला पडसे म्हणतो. साथीचा रोग घरचा होतो तो असा. विषाणू दमला असेल, पण त्याहून मोठा भाग आपल्या अंगवळणी पडण्याचा आहे.

नारूचे पाणी अखेर बदलले ते आरोग्यखात्याने नव्हे, दुष्काळाने. काळ्या पत्थरात खोलवर छिद्र पाडणारी यंत्रे युनिसेफच्या मदतीने साठच्या दशकाअखेर देशात आली आणि १९७२ च्या दुष्काळात गावोगावी बोअर घेतले गेले. त्यांच्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे जुने हातपंप महिन्या-दोन महिन्यांत मोडत. टिकाऊ पंपाची खटपट मराठी मुलखातच झाली, आधी जालन्याला, मग सोलापूरला. सोलापूर पंपाच्या धर्तीवर सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. हातपंपाच्या पाण्यात कुणी पाय बुडवू शकत नाही. नारूच्या चक्रातली एक पायरी गळाली, ती अक्षरशः विहिरीची पायरी होती.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रासह सात राज्ये त्यात होती. १९८४ च्या मोजणीत देशात सुमारे ४० हजार रुग्ण, पावणेतेरा हजारांहून अधिक गावांत. त्यानंतरचे काम कंटाळवाणे होते आणि म्हणूनच ते परिणामकारक झाले. गावोगावी घरे फिरून रुग्ण शोधायचे, विहिरीत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकायचे, पायऱ्या बंद करून कठडा बांधायचा आणि बायकांना सांगायचे की पाणी दुहेरी कापडाने गाळा. हे शेवटचे खरे काम त्या बायकांनी केले. भारतातला अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. देवीनंतर या देशातून मुळासकट गेलेला हा पुढचा रोग. त्याची मिरवणूक निघाल्याचे कुणाला आठवते का?

आठवणार नाही, कारण मधल्या काळात प्लेग परत येऊन गेला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा वाढल्या, उंदीर मेले आणि माणसांच्या जांघेत गाठी आल्या. देशात १९६६ नंतर माणसात प्लेग नोंदवला गेला नव्हता. तज्ज्ञांनी मांडले ते असे: भूकंपाच्या धास्तीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, बंद घरांतल्या धान्यावर उंदरांची पैदास झाली आणि रानउंदरांमध्ये मुरून राहिलेला प्लेग गावउंदरांमार्फत माणसापर्यंत आला. म्हणजे अठ्ठावीस वर्षे प्लेग कुठे गेलाच नव्हता. माणसात तो पाहुणा होता, रानातल्या बिळांत घरचा. एकच रोग एका जीवात ठाण मांडून आणि दुसऱ्यात साथ होऊन राहू शकतो, हे मामल्याने दाखवले.

सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग झाल्याची हाकाटी झाली. लाखो लोक रात्रीतून पळाले, परदेशांनी विमाने थांबवली, टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब झाले. त्या सगळ्या प्रकारात देशभर नोंदवलेले मृत्यू ५६. त्याच वर्षी क्षयाने देशात काही लाख माणसे गेली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आदल्याच वर्षी क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले होते. ते वाचून कुणी रेल्वे स्थानकाकडे धावले नाही. सुरतेचे मात्र भले झाले. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी शहर असे झाडून काढले की ते स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. भीतीचा हा एकमेव फायदा मी मान्य करतो.

कोरोनाच्या शेवटी ‘आता हा रोग आपल्यातच राहणार’ असे सांगितले जाऊ लागले, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ५ मे २०२३ ला कोरोनाची जागतिक आणीबाणी उठली, त्याचा अर्थ धोका संपला असा काढला गेला. ठाण मांडलेला रोग म्हणजे निरुपद्रवी रोग, ही समजूत नारू झालेल्या माणसासमोर बोलून पाहावी. आज मराठवाड्यात एखाद्याच्या पायातून नारू निघाला तर तो एकटा रुग्णसुद्धा साथ ठरेल आणि दिल्लीहून पथक येईल. साठ वर्षांपूर्वी त्याच गावात पन्नास असते तर तालुक्याहूनही कुणी आले नसते. रोग तोच. बदलले ते आपण काय खपवून घेतो तेवढेच.

म्हणून एक सांगणे. तुमच्या गावात दर पावसाळ्यात त्याच आठवड्यांत जुलाब किंवा कावीळ येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून गेल्या पाच वर्षांचे आकडे मागून घ्या आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा. आकडे दरवर्षी सारखेच निघाले तर समाधान मानू नका. टाकी कधी धुतली आणि जलवाहिनी कुठे गटारातून गेली आहे, हे त्याच सभेत विचारा.